इनेझसाठी सोपं घर

१४ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०

ही वही रिहॅब सेंटरातल्या समाजसेविकाबाईंनी दिली. मुखपृष्ठावर सूर्यफूल आहे. बायको आजारी असली की नवऱ्याने मनातलं लिहून काढावं, हलकं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मनात काही नाही. कामं आहेत. तेव्हा वही कामांसाठी वापरायचं ठरवलं. सूर्यफुलावर कोरा कागद चिकटवला.

परिस्थिती: इनेझ, वय ७०, माझी बायको, ५ तारखेला दारासमोर पत्रपेटीपाशी बर्फावर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता रिहॅब. २० फेब्रुवारीला घरी. म्हणजे हातात सदतीस दिवस.

अपघाताचं कारण: पत्रपेटीची रचना. झाकण आपल्याकडे ओढावं लागतं. ओढताना माणूस मागे झुकतो. मागे बर्फ. बनवणाऱ्याने याचा विचारच केला नाही. दुसरं काही कारण नाही.

निश्चय: इनेझ यायच्या आत घर असं करायचं की तिला कुठल्याही वस्तूपाशी थांबून विचार करावा लागू नये. वस्तू बघताक्षणी वापरता आली पाहिजे. यूजर-फ्रेंडली.

या विषयात माझा अधिकार आहे. एकतीस वर्षं मी कपडे धुण्याच्या मशीनच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. शेवटची चौसष्ट पानांची होती. मग कारखान्यात मिस ओडेल नावाची डिझायनर आली. तिने मशीनवर तीनच बटणं ठेवली आणि भर मीटिंगमध्ये म्हणाली की पुस्तिका लागते याचा अर्थ मशीन चुकलं. सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. चार महिन्यांनी मी स्वखुशीने निवृत्त झालो.

ते वाक्य आता मीही वापरतो. मुळात ते माझ्याच मनात होतं.

१५ जानेवारी, मंगळवार

सेंटरला जाऊन आलो. बारा मिनिटं. पेशंटला विश्रांती लागते.

इनेझच्या पलंगाच्या रिमोटला नऊ बटणं. डोकं वर करायचा बाण आणि गुडघे वर करायचा बाण हुबेहूब सारखे. नर्सला दाखवून दिलं. ती म्हणाली, लक्षात ठेवते. लिहून काही घेतलं नाही.

इनेझने क्रिबेजचे पत्ते आणि त्या खेळात गुण मोजायची खुंट्यांची पाटी मागितली आहे. एकटीने क्रिबेज खेळता येत नाही हे तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

सेंटरातली थेरपिस्ट शेली. पंचविशीची, केस वर बांधलेले, च्युइंग गम. घरी काय तयारी करायची याची यादी तिने दिली. अर्धं पान. चार गोष्टी: सुट्या सतरंज्या उचला. पलंग खालच्या मजल्यावर आणा. टॉयलेटशेजारी भिंतीत आधाराचा दांडा बसवा. स्वयंपाकघरात हातांची एक भक्कम खुर्ची ठेवा.

संपलं. याला चार वर्षांची डिग्री लागते.

रात्री जेवून माझी यादी केली. एक्केचाळीस मुद्दे. शेलीचे चार मुद्देही घेतले आहेत, ३८ ते ४१. कुणाचा अनादर करायचा नाही.

२० जानेवारी, रविवार. सकाळी ५.४०

झोप येत नाही, तेव्हा काम.

स्वयंपाकघरातल्या कपाटांची सगळी दारं काढली. एकोणीस. दार म्हणजे वस्तू आणि माणूस यांच्यामधला अडथळा. दारं नेऊन सॉनात, म्हणजे आमच्या लाकडी वाफघरात, रचली. सॉना आता काही दिवस बंद. गेली चाळीस वर्षं शनिवारी सॉना घेतोय, थोडी सुट्टी चालेल.

दुसरं तत्त्व: वाकणं नको, हात उंच करणं नको. सगळ्या वस्तू जमिनीपासून अठ्ठावीस ते बावन्न इंच या पट्ट्यात. मोजून ठेवल्या. एकूण तीनशे बारा. सगळ्या बसल्या. ओटा भरला, खिडकीची कड भरली, फ्रिजच्या बाजूला एक फळी टाकली, तीही भरली. कांदा चिरायला जागा राहिली नाही. हल्ली कांदा चिरलेला मिळतो.

२३ जानेवारी, बुधवार

लेबलं छापायचं छोटं मशीन आणलं. त्याच्यासोबतची पुस्तिका म्हणजे तीन चित्रं. शब्द एकही नाही. फीत घालायला दीड तास लागला. कोणाला काही लिहिता येत नाही आता.

संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस लेबलं. कप. बशा. मीठ. 'साखर, मीठ नव्हे.' पिवळी फीत रोजच्या वस्तूंना, निळी आठवड्याच्या, लाल धोक्याच्या. लेबलांच्या मशीनलाही लेबल लावलं.

मुलीचा, मार्लीनचा, ग्रीन बेहून फोन. तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, आईला विचारलंत का? मी समजावलं की यूजरला विचारलं की तो आहे तेच मागतो, हे या क्षेत्रातलं पहिलं तत्त्व आहे.

ती म्हणाली, "बाबा, ती यूजर नाहीये. आई आहे."

भावनाप्रधान मुलगी. हे तिच्यात इनेझकडून आलं आहे.

२६ जानेवारी, शनिवार

इनेझने आज वॉकर घेऊन सलग अकरा पावलं टाकली म्हणे. मला दाखवायची होती तिला. पण हार्डवेअरचं दुकान शनिवारी बाराला बंद होतं. निघालो. पावलं काय, उद्याही दाखवता येतील.

तिने विचारलं की जेरेनियमला पाणी घालतोयस ना. मुद्दा ४२: कुंडीला आपोआप पाणी.

२९ जानेवारी, मंगळवार

दोन मोठी कामं एका दिवसात.

एक, नळ. आता हात खाली धरला की पाणी येतं. काही फिरवायला नको, दाबायला नको. भांडी ठेवताना कोपर गेलं तरी येतं. मांजर गेलं असतं तरी आलं असतं. मांजर नाही आपल्याकडे.

दोन, न्हाणीघरातला दिवा. माणूस आत आला की लागतो. नव्वद सेकंद हालचाल झाली नाही की विझतो. बटण नाहीच. इनेझला बटण शोधावं लागणार नाही. मिस ओडेलने तीन बटणं ठेवली होती. माझ्याकडे शून्य.

३१ जानेवारी, गुरुवार

शून्याखाली एकोणीस. वारा वेगळा.

पुढच्या दाराला काल संध्याकाळी आकड्यांचं कुलूप बसवलं. म्हाताऱ्या बोटांना किल्ली फिरवणं जड जातं. चार आकडे दाबायचे, दार उघडतं. आकडे म्हणून लग्नाची तारीख ठेवली. लग्नाच्या फोटोच्या मागे लिहिलेली होती, त्यावरून घेतली. कारण साधं: ही तारीख कोणालाही लक्षात ठेवावी लागत नाही, ती असतेच.

सकाळी पेपर उचलायला सपाता घालून बाहेर आलो. वाऱ्याने दार लागलं. आकडे दाबले. लाल दिवा. पुन्हा दाबले. लाल. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा कुलूप पाच मिनिटांसाठी झोपी गेलं. चोरांसाठी तशी सोय आहे. सोय चांगली आहे.

शेजारी डेलकडे गेलो. डेल निवृत्त ट्रक ड्रायव्हर. त्याने कॉफी दिली आणि त्याच्या बायकोचा गुलाबी गाऊन माझ्या अंगावर टाकला. मग मी त्याच्या फोनवरून सेंटरला फोन लावला आणि इनेझला विचारलं, आपलं लग्न कधी झालं.

तिने विचारलं, "फॉर्ममध्ये भरायचंय का?"

मी म्हटलं, दारात.

"सोळा ऑगस्ट," ती म्हणाली. "तू काय दाबत होतास?"

मी सांगितलं की थंडीने बोटं चुकत होती. डेल कपात बघत होता.

दार उघडलं. मी अठरा दाबत होतो. अठरा कुठून आलं ते दुपारी आठवलं. अठरा ऑगस्टला माझी पहिली पुस्तिका छापून आली होती. दोन तारखा इतक्या जवळ असणं ही मूळ योजनेतली चूक.

३ फेब्रुवारी, रविवार

आज प्रत्यक्ष चाचणी. चाचणीसाठी लोइस. इनेझची थोरली बहीण, वय ७६, तीन गल्ल्या सोडून एकटी राहते. मी काहीही न सांगता तिला म्हटलं, कॉफी करून घे. आणि कोपऱ्यात वही घेऊन उभा राहिलो.

नोंदी: यूजर दारात पावणेदोन मिनिटं उभी राहिली. यूजरने विचारलं, चोरी झाली का. यूजरने कप शोधायला तीन मिनिटं घेतली. कप समोर होते, पण समोर आणखी तीनशे अकरा वस्तू होत्या. यूजर नळाजवळून गेली, डावी बाही भिजली. यूजर पाणी बंद करायला नळावर थापटत राहिली, त्यामुळे ते येत राहिलं. यूजर मला काहीतरी बोलली, ते इथे लिहीत नाही.

लोइस कॉफी प्यायला स्वतःच्या घरी गेली.

निष्कर्ष: चाचणी ऐंशी टक्के यशस्वी. यूजरची वृत्ती सहकार्याची नव्हती. ती माझ्याशी १९७२ पासून तशीच आहे.

६ फेब्रुवारी, बुधवार

सेंटर. इनेझने जेवणाच्या फिरत्या टेबलावर क्रिबेजची पाटी मांडून ठेवली होती. खुंट्या लावलेल्या. मी कोट काढला नाही, कारण कुंडीच्या पाइपाचा रबरी जोड गाडीतच होता आणि थंडीत रबर कडक होतं.

ती म्हणाली, "बस ना जरा, रेनो."

बसलो. पेशंटच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीची उंची साडेपंधरा इंच. कोणाचा गुडघा एवढ्यावर असतो? इनेझ पत्ते पिसत होती. बोटं हळू चालत होती. सुया टोचलेल्या हातावर निळं-पिवळं झालं आहे अजून. नर्सला बोलवायच्या बेलची दोरी तिच्यापासून दोन फूट लांब लोंबत होती. हे काही बरोबर नाही. मी उठून नर्सला सांगायला गेलो. नर्स दुसऱ्या खोलीत होती, मग त्यांच्या मुख्य बाईंना भेटलो, मग बाईंबरोबर जाऊन सगळ्याच खोल्यांतल्या दोऱ्या मोजल्या.

परत आलो तेव्हा तिने पाटी आवरून ठेवली होती. डोळे मिटले होते. दमली असावी. दोरी मात्र आता हाताशी आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार

शेलीचा फोन. बुधवारी ती इनेझला दोन तासांसाठी घरी आणणार. चालून बघायला. मग २० तारखेचं नक्की करणार.

तिने विचारलं, टॉयलेटजवळचा दांडा बसवला ना. म्हटलं, काम चालू आहे. वस्तुस्थिती अशी की हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो दांडा म्हणजे नुसती नळी. घरात असलं काही लावलं की घराचा दवाखाना होतो. मी स्वीडनहून मागवला आहे. मुठीच्या आकाराचा, अक्रोडाचं लाकूड. त्यांच्या हिशेबाने वाटेत आहे.

तिने खुर्चीचंही विचारलं. इनेझची खिडकीपाशी हातांची खुर्ची होती, पण ती वॉकरच्या वाटेत येत होती. तळघरात नेली. तिच्या जागी उंची कमी-जास्त करता येणारं स्टूल आणलं. खालची दांडी पायाने उचलायची, त्याच वेळी अंग उचलायचं. एकदा सवय झाली की सोपं आहे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या. बेचाळीसपैकी एक्केचाळीस मुद्दे पूर्ण. मार्लीनला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं.

वेलदोड्याचा पाव आणून ठेवला. इनेझला आवडतो. लेबल: पाव.

पहाटे चारपासून जागा. जरा जास्तच उत्साह आहे.

१३ फेब्रुवारी, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

सव्वादहाला आल्या. मी दार धरून उभा होतो. इनेझ वॉकर टाकत आली, सांगितल्यासारखी, आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. बारीक झाली आहे. कोट खांद्यावरून उतरत होता. स्वयंपाकघराच्या तोंडाशी थांबली आणि बघत राहिली. मी म्हटलं, काय, विचार करावा लागतोय का? विनोद केला होता.

ती म्हणाली, "माझी खुर्ची कुठे गेली?"

मी स्टूल दाखवलं. दांडी कशी उचलायची ते करून दाखवलं. ती बसली नाही. शेली पाहुणी म्हणून आली होती, तेव्हा इनेझ कॉफी टाकायची म्हणाली. आमच्याकडे माणूस घरात आलं की ती आधी कॉफी टाकते. ओट्यापाशी गेली. तिचा हात डावीकडे वर गेला, जिथे कपाटाचं दार असायचं तिथे. हवेतच थांबला. मी म्हटलं, लेबलं वाच. तिने चष्मा सेंटरातच ठेवला होता.

चष्मा. बेचाळीस मुद्द्यांत तो नव्हता.

कॉफी झाली नाही. ती न्हाणीघरात जाते म्हणाली. शेली बरोबर जायला निघाली, तर इनेझने तिला हाताने थांबवलं. घर माझं आहे, एवढं जमतं मला, म्हणाली. मी शेलीला रंगांची पद्धत समजावू लागलो. आधी लाल, मग निळा. शेली मान डोलवत होती, पण कान दुसरीकडे होते असं आता वाटतं.

सेंटरात इनेझला शिकवलं आहे की उठलीस की आधी स्थिर उभी राहा. श्वास घे. घाई नको. ती उभी राहिली. स्थिर. नव्वद सेकंद झाले आणि दिवा गेला. न्हाणीघराला खिडकी नाही. अंधारात तिने जे हाताला लागलं ते धरलं. टॉवेलचा दांडा. तो दोन स्क्रूंवर होता, टॉवेलांसाठी होता. भिंतीतून निघून आला.

मी पिवळ्यापर्यंत आलो होतो. शेली एकदम धावली. मी तिच्यामागे. मी आत शिरलो तसा दिवा लगेच लागला.

इनेझ जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, दांडा हातात. हळूच घसरली होती, लागलं काही नाही, शेलीने सगळं तपासलं. इनेझ तिच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मी दोनदा हाक मारली," ती म्हणाली.

रागाने नाही. पत्ता सांगावा तसं.

शेलीने तिला उभं केलं. मग मला विचारलं, "मिस्टर कोस्की, आधाराचा दांडा कुठे आहे?" मी म्हटलं, स्वीडनहून निघालाय. ती गम चघळायची थांबली. पाव तसाच राहिला.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

काही केलं नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्रपेटी तपासली. झाकण नीट उघडतं. दोन बोटांनी. मागे झुकावं लागत नाही.

५ जानेवारीला मी तळघरात होतो. स्क्रू लांबीप्रमाणे बरण्यांत भरत होतो. रेडिओ चालू होता. इनेझ बर्फात चाळीस मिनिटं पडून होती. हाका मारत होती, असं डेल म्हणाला. त्याने कुत्र्याला फिरवायला बाहेर काढलं तेव्हा त्याला ऐकू आल्या. मी वर आलो तेव्हा दारात ॲम्ब्युलन्स होती आणि मी विचारलं की कोणाला काय झालं.

हे कुठल्या यादीत घालायचं ते कळत नाही.

सूर्यफुलावरचा कागद सुटत आला होता. काढून टाकला.

२० फेब्रुवारी, बुधवार

इनेझला सोडलं. ती लोइसकडे गेली. तिने स्वतःच ठरवलं, शेलीला आधीच सांगून ठेवलं होतं. मला गाडीत सांगितलं. मी म्हटलं, लोइसकडे तर काहीच सोय नाही. इनेझ म्हणाली, "लोइस आहे."

सामान आत नेलं. कपड्यांची एक बॅग, वॉकर, पत्ते.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

लोइसचं घर म्हणजे एक प्रदर्शन आहे. नळ ठिबकतो. कटलरीचा खण ढोपराने मारल्याशिवाय उघडत नाही. दिव्याचं बटण दाराच्या मागे, म्हणजे आधी आत यायचं, मग दार लावायचं, मग उजेड. खुर्ची एक जाड हातांची, टेबलाला टेकवलेली.

इनेझ तिथे सहज हिंडते. ढोपर न मारता खण कसा उघडायचा ते तिने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं, डाव्या कोपऱ्यात जरा वर उचलायचा. दारामागचं बटण वॉकरवरूनच हात लांब करून दाबते. मी दोन वेळा स्क्रूड्रायव्हर काढला. लोइसने दोन्ही वेळा माझ्याकडे नुसतं बघितलं.

इनेझने सांगितलं की घर होतं तसं कर, मग येते. एवढंच. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम.

२५ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवसांचं काम नाही.

एकोणीस दारं सारखी दिसतात, पण बिजागऱ्यांची भोकं सारखी नाहीत. कुठलं दार कुठलं, हे मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. एकतीस वर्षं लोकांना सांगितलं, खोलण्याआधी खूण करून ठेवा. पान नऊ, जाड अक्षरात.

दारं जाऊ दे. वस्तू. बशा कुठे असायच्या? चाळण कुठे असायची? मी या घरात बेचाळीस वर्षं जेवतोय. कप डावीकडे की उजवीकडे हे मला सांगता येईना. मला एवढंच माहीत आहे की कप माझ्यासमोर येतो.

शेवटी फोन केला. इनेझला म्हटलं, कप. ती म्हणाली, शेगडीच्या डावीकडचं दुसरं कपाट, खालची फळी, कान बाहेर. कान बाहेर का, विचारलं. म्हणाली, आधी ठेव, मग सांगते.

आज एकवीस वस्तू.

२ मार्च, शनिवार

डेलच्या मदतीने भिंतीत दांडा बसवला. हार्डवेअरच्या दुकानातला, साधी स्टीलची नळी. आत लाकडी आधार शोधून चार मोठे स्क्रू. डेल त्याला लोंबकळला. तो दोनशे सत्तर पौंड आहे. हलला नाही. न्हाणीघरात पुन्हा बटण लावलं. डेल म्हणाला, आता कसं माणसाच्या घरासारखं वाटतंय. सॉनाही रिकामा केला.

स्वीडनचा दांडा आज आला. फार सुंदर आहे. परत पाठवायचा फॉर्म अकरा पानी आहे.

फोनवर जमेना. कोणती किटली, कुठली फळी, दोघांचाही आवाज चढायला लागला. तेव्हा वही घेऊन लोइसकडेच गेलो. इनेझ डोळे मिटून खुर्चीत बसली आणि सांगत गेली, मी लिहीत गेलो. चाळण दाराच्या आतल्या खिळ्याला, कारण ती खणात घातली की खण अडतो. पिठाचा डबा खाली, कारण वर ठेवलेली जड वस्तू एकदा पायावर पडली होती, मार्लीन पोटात असताना. कपाचे कान बाहेर, कारण एक्क्याण्णव साली उजवं मनगट मोडल्यापासून ती किटली डाव्या हाताने धरते आणि कप उजव्याने नुसता अडकवून ओढते.

मी म्हटलं, डाव्या हाताने?

ती म्हणाली, अठ्ठावीस वर्षं झाली, रेनो.

मी ते लिहून घेतलं. मग विचारलं, आणखी काय. आणखी बरंच होतं. लोइसने दोनदा कॉफी दिली. घड्याळ पाहिलं तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. हार्डवेअरचं दुकान बंद झालं होतं. काय आणायचं होतं तेही आठवेना.

६ मार्च, बुधवार

दोनशे अठ्ठ्याण्णव झाल्या. उरलेल्या चौदा वस्तू कुठे जायच्या ते इनेझलाही आठवत नाही. ती म्हणाली, मग त्या नकोच असतील.

लेबलं काढतोय. गोंद चांगला आहे. निघत नाही.

९ मार्च, शनिवार

इनेझ घरी आली. वॉकरऐवजी काठी. कोट खुंटीला लावला, न बघता. स्वयंपाकघरात गेली. हात डावीकडे वर, दार उघडलं, कप आला. मी मध्ये कुठेतरी उभा होतो. तिने मला बाजूला हो म्हटलं आणि कॉफी टाकली.

खिडकीपाशी परत आणलेल्या खुर्चीत बसून तिने कॉफी प्यायली. मग उठून तीन बदल केले. कॉफीचा डबा एक फळी खाली घेतला. खुर्ची ओट्याकडे हातभर सरकवली. काठी अडकवायला खणाचं हँडल वापरलं. दहा मिनिटं लागली. मी गुपचूप टेप लावून पाहिलं. डबा चौतीस इंचांवर. माझ्या पट्ट्यात बसतो, हे नमूद करतो.

संध्याकाळी सॉना पेटवला. तिला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही. ती बाहेरच्या बाकावर शाल घेऊन बसली आणि दारातून माझ्याशी बोलत होती. दार उघडं राहिल्यामुळे आत गरम झालंच नाही.

क्रिबेज. दोन डाव हरलो.

१२ मार्च, मंगळवार. सकाळी ९.३०

बर्फ वितळायला लागला आहे. छपरावरून थेंब पडतात. त्यासाठी पन्हाळीला एक छोटा बदल सुचतो आहे, पण तो फक्त सुचतो आहे.

मार्लीनचा फोन आला होता. मी न्हाणीघरात होतो, दांडा घट्ट आहे ना बघत होतो. रोज बघतो, ते चालतं. इनेझ स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. दारं बंद नव्हती म्हणून ऐकू आलं. मार्लीनने बाबा कसे आहेत असं विचारलं असावं.

इनेझ म्हणाली, "बरा आहे. आता हाक मारली की येतो." मग जरा थांबून म्हणाली, "बहुतेक वेळा."

'बहुतेक वेळा' हे दोन शब्द नसते तरी वाक्य पुरं होतं. पुस्तिकेत असते तर मी ते खोडून टाकले असते. यूजरच्या मनात उगाच शंका निर्माण करतात. पण वाक्य तिचं आहे.

तिने आता हाक मारली आहे. एवढं लिहून पुरं करतो आणि जातो.